विश्लेषण : ‘शामू’ ते सिंधुदुर्ग... सागरी थीम पार्कचा इतिहास काय? कोकणातला ‘सी वर्ल्ड’ का अडला?

मे महिन्याची सुट्टी लागली की कोल्हापूरच्या गाड्या गगनबावडा किंवा फोंडा घाट उतरून मालवणच्या वाटेला लागतात. तारकर्लीची वाळू, सिंधुदुर्ग किल्ला, स्नॉर्कलिंग आणि सकाळची डॉल्फिन सफर हा ठरलेला बेत. याच मालवण तालुक्यात तोंडवळी-वायंगणीच्या किनाऱ्यावर ‘सी वर्ल्ड’ नावाने सागरी जिवांचा भव्य थीम पार्क उभारण्याची योजना राज्य सरकारने पुढे आणली होती. निवडणूक आली की हे नाव पुन्हा चर्चेत येते, पण पार्क अजून उभा राहिलेला नाही. दुसरीकडे, ज्या अमेरिकी ‘सीवर्ल्ड’वरून ही कल्पना आली, त्याने स्वतःच आपला चेहरा बदलला आहे. हे पार्क सुरू कसे झाले, तिथे पाहायला काय असते, भारतात डॉल्फिनचे खेळ का होत नाहीत आणि कोकणापुढे आता कोणते पर्याय आहेत, याचा हा आढावा.

सागरी जिवांचे पार्क सुरू कधी झाले?

लोकांना पैसे घेऊन मासे दाखवण्याची सुरुवात लंडनमध्ये झाली. तिथल्या प्राणिसंग्रहालयात १८५३ मध्ये ‘फिश हाउस’ उघडले. जगातले पहिले सार्वजनिक मत्स्यालय म्हणून त्याची नोंद होते. काचेच्या टाक्यांची ही कल्पना मग युरोप-अमेरिकेत पसरली.

माशांच्या टाक्यांऐवजी अख्खा समुद्रच तलावात आणण्याचा प्रयोग मात्र अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात झाला. २३ जून १९३८ रोजी तिथे ‘मरीन स्टुडिओज’ सुरू झाला. नावाप्रमाणे तो मुळात स्टुडिओच होता. पाण्याखालची दृश्ये चित्रपटांसाठी सहज टिपता यावीत म्हणून मोठे तलाव बांधून त्यांच्या भिंतींना खिडक्या ठेवल्या होत्या. त्याच्या संस्थापकांमध्ये कादंबरीकार लिओ टॉलस्टॉय यांचे नातू इल्या टॉलस्टॉय हेही होते. कॅमेऱ्यासाठी केलेल्या या खिडक्यांतून पाहायला लोकच गर्दी करू लागले. डॉल्फिन माणसाच्या इशाऱ्यावर उड्या मारायला शिकतात, हे तिथल्या कर्मचाऱ्यांच्या लक्षात आले आणि डॉल्फिन शोचा जन्म झाला. पुढे या जागेचे नाव ‘मरीनलँड’ झाले.

‘सीवर्ल्ड’ची स्थापना कोणी केली?

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत शिकलेल्या चार मित्रांनी. मिल्टन शेड, केन नॉरिस, डेव्हिड डिमॉट आणि जॉर्ज मिले अशी त्यांची नावे. पाण्याखाली उपाहारगृह काढायचे, ही त्यांची मूळ कल्पना. तांत्रिकदृष्ट्या ते जमेना, तेव्हा त्यांनी पार्क काढायचे ठरवले. २१ मार्च १९६४ रोजी सॅन दिएगो शहरात २२ एकरांवर ‘सीवर्ल्ड’ सुरू झाले. सुरुवातीला ४५ कर्मचारी, काही डॉल्फिन, सी लायन आणि समुद्राच्या पाण्याची दोन मत्स्यालये एवढाच पसारा होता. तरीही पहिल्याच वर्षी चार लाखांहून अधिक लोक आले.

त्यानंतर १९७० मध्ये ओहायो, १९७३ मध्ये ऑरलँडो आणि १९८८ मध्ये सॅन अँटोनियो इथे पार्क उघडले. मालकीही बदलत गेली. आधी एक प्रकाशन कंपनी, मग बिअर बनवणारी अनहायझर-बुश, २००९ मध्ये ब्लॅकस्टोन हा गुंतवणूक समूह आणि २०१३ मध्ये शेअर बाजारात नोंदणी असा हा प्रवास आहे.

‘शामू’ कोण होती?

सीवर्ल्डला जगभर ओळख मिळाली ती ‘शामू’ या ओर्कामुळे. ओर्काला ‘किलर व्हेल’ म्हणतात, पण तो व्हेल नसून डॉल्फिन कुळातला सर्वांत मोठा प्राणी आहे. पूर्ण वाढलेल्या नराची लांबी सहा ते आठ मीटर असते, म्हणजे जवळपास एका मिनीबसएवढी. शामू ही मादी १९६५ मध्ये अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्याजवळ पिल्लू असताना पकडली गेली आणि त्याच वर्षी सॅन दिएगोला आली. १९७१ मध्ये ती मेली. नाव मात्र कंपनीने सोडले नाही. पुढची कित्येक वर्षे वेगवेगळ्या ओर्का ‘शामू’ याच नावाने प्रेक्षकांसमोर येत राहिल्या. त्यामुळे आई-वडिलांनी पाहिलेली शामू आणि मुलांनी पाहिलेली शामू एकच आहे, असा अनेकांचा समज होता.

पकडण्याची पद्धतही वादात सापडली. ओर्का कुटुंबाने राहतात. जाळी टाकून पिल्लांना कळपापासून तोडले जाई. वॉशिंग्टन राज्याने यावरून न्यायालयात धाव घेतली आणि १९७६ मध्ये सीवर्ल्डला त्या राज्याच्या पाण्यातून ओर्का पकडणे सोडावे लागले.

मग लोकांचे मत कशामुळे फिरले?

२४ फेब्रुवारी २०१० रोजी ऑरलँडोच्या पार्कमध्ये ‘टिलिकम’ नावाच्या नर ओर्काने डॉन ब्रँचो या अनुभवी प्रशिक्षिकेला पाण्यात ओढले. त्यात तिचा मृत्यू झाला. कामगार सुरक्षा यंत्रणेने कंपनीवर कारवाई केली. प्रशिक्षकांनी शोदरम्यान ओर्काच्या थेट संपर्कात जाण्यावर निर्बंध आले आणि २०१४ मध्ये अपील न्यायालयाने ही कारवाई कायम ठेवली.

दरम्यान २०१३ मध्ये टिलिकमवरचा ‘ब्लॅकफिश’ हा माहितीपट आला. बंदिस्त तलावातले आयुष्य या प्राण्याला काय करते, हा प्रश्न घराघरांत पोहोचला. पार्कची गर्दी घटली, शेअरचा भाव पडला. अखेर मार्च २०१६ मध्ये कंपनीने ओर्कांचे प्रजनन थांबवण्याची घोषणा केली. म्हणजे सध्या असलेल्या ओर्का ही तिथली शेवटची पिढी. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने मनोरंजनासाठी ओर्का पाळण्यावर कायद्याने बंदी आणली. टिलिकम जानेवारी २०१७ मध्ये मेला.

हे लोण युरोपातही पोहोचले. फ्रान्सने २०२१ मध्ये डॉल्फिन-ओर्काच्या खेळांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणणारा कायदा केला. त्यानंतर अँतिब शहरातले ‘मरीनलँड’ जानेवारी २०२५ मध्ये बंद झाले. आता तिथल्या प्राण्यांना न्यायचे कुठे, हा नवा पेच उभा राहिला. जन्मापासून टाकीत वाढलेला ओर्का समुद्रात सोडला तर स्वतः शिकार करून जगेलच, याची खात्री नसते. पार्क बंद करता येतो, प्राण्याचे उरलेले आयुष्य बंद करता येत नाही.

आता या पार्कमध्ये पाहायला काय असते?

बदललेल्या काळात पार्कचा भर थरारक राइड्सकडे वळला आहे. ऑरलँडोचा ‘माको’ हा शार्कच्या नावाचा रोलर कोस्टर २०१६ मध्ये सुरू झाला. २०० फूट उंची आणि ताशी सुमारे ११७ किलोमीटर वेग ही त्याची ओळख. पेंग्विनसाठी बर्फाळ दालन, हात लावून पाहता येणारे स्टिंग रे माशांचे उथळ तलाव, शार्कच्या टाकीतून जाणारा पारदर्शक बोगदा ही इतर आकर्षणे.

महाराष्ट्रातून दुबईच्या सहलीला जाणाऱ्यांसाठी सर्वांत जवळचे सीवर्ल्ड अबुधाबीत आहे. यास बेटावर मे २०२३ मध्ये सुरू झालेल्या या पार्कमध्ये एकही ओर्का नाही. वाळवंटी उन्हामुळे बहुतांश पार्क वातानुकूलित छताखाली आहे. ‘एंडलेस ओशन’ या मुख्य टाकीत अडीच कोटी लिटर पाणी मावते. तिथे डॉल्फिन आहेत आणि त्यावर प्राणीप्रेमी संघटनांचा आक्षेपही आहे.

टाकीमागचे तंत्र कसे चालते?

पर्यटकाला दिसतात ते मासे. खर्च होतो तो न दिसणाऱ्या यंत्रणेवर. त्यातल्या चार गोष्टी महत्त्वाच्या आहेत.

१. भिंत : पाण्याचा दाब खोलीनुसार वाढतो. सहा मीटर खोलीवर प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे सहा टन भार येतो. एवढा भार पेलायला काचेऐवजी ॲक्रिलिक वापरतात. ते सहज तडकत नाही, जाड थरातही हिरवट दिसत नाही आणि दोन तुकडे रसायनाने असे जोडता येतात की सांधा दिसत नाही. बोगद्याला कमानीसारखा आकार देतात, कारण कमान भार दोन्ही बाजूंना वाटून टाकते.

२. मीठ : समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. कोल्हापूरसारख्या समुद्रापासून दूरच्या शहरात १० लाख लिटरची सागरी टाकी करायची म्हटली तर ३५ टन क्षार विरघळवावे लागतील. स्वयंपाकाचे मीठ टाकून हे भागत नाही. मॅग्नेशियम, कॅल्शियम अशा घटकांचे प्रमाणही जुळावे लागते. शिवाय नळाच्या पाण्यातले क्लोरीन आधी काढावे लागते.

३. सफाई : माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो आणि तो त्यांच्यासाठी विषच. काही जिवाणू अमोनियाचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग त्यामानाने निरुपद्रवी नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. गाळणीत हे जिवाणू वाढवावे लागतात. त्यामुळे टाकी भरली आणि दुसऱ्या दिवशी मासे सोडले, असे होत नाही. जिवाणूंचा जम बसायला काही आठवडे लागतात.

४. वीज : पंप आणि तापमान राखणारी यंत्रे चोवीस तास चालू लागतात. पंप बंद पडला की पाण्यातला ऑक्सिजन घटू लागतो. त्यामुळे जनरेटरची सोय अटळ असते.

तिकिटाचा दर, देखभालीचा खर्च आणि येणारी गर्दी यांचे गणित बसले नाही, तर असा पार्क पोसणे कठीण जाते.

महाराष्ट्राचा अनुभव काय सांगतो?

मुंबईत मरीन ड्राइव्हवरचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाले. त्यासाठी सुमारे आठ लाख रुपये खर्च आला. त्यातले दोन लाख डी. बी. तारापोरवाला यांनी देणगी दिले होते. शाळेच्या मुंबई सहलीत हे मत्स्यालय ठरलेले असे. मार्च २०१५ मध्ये नूतनीकरणानंतर ते पुन्हा उघडले, तेव्हा १२ फुटांचा ॲक्रिलिक बोगदा हे मुख्य आकर्षण होते. २०२० मध्ये कोविडच्या काळात ते बंद झाले. खारी हवा आणि जुनी इमारत यांच्याशी झगडणे सोपे नाही, हाच याचा धडा.

भायखळ्याच्या राणीच्या बागेत जुलै २०१६ मध्ये सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आणले गेले. त्यातला एक ऑक्टोबरमध्ये मेला आणि मोठा राजकीय गदारोळ झाला. मार्च २०१७ मध्ये कक्ष लोकांसाठी खुला झाला. पेंग्विन पुढे रुळले, त्यांना पिल्लेही झाली, पण थंड हवेच्या त्या कक्षाचा देखभाल खर्च हा कायम चर्चेचा विषय राहिला.

भारतात डॉल्फिन शो का होत नाहीत?

भारतानेही हा प्रयोग करून पाहिला होता. १९९८ मध्ये चेन्नईजवळच्या ‘डॉल्फिन सिटी’मध्ये बल्गेरियातून डॉल्फिन आणले गेले. काही महिन्यांतच ते मेले.

त्यानंतर २०१० च्या सुमारास वेगवेगळ्या राज्यांतून डॉल्फिन पार्कचे प्रस्ताव आले. प्राणीप्रेमी संघटनांनी विरोध केला. १७ मे २०१३ रोजी केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने राज्यांना परिपत्रक पाठवले आणि डॉल्फिनॅरियमला परवानगी देऊ नये, असे कळवले. डॉल्फिन-व्हेल वर्गातले प्राणी बंदिवासात नीट जगत नाहीत, कोंडल्याने त्यांचे वर्तन बिघडते आणि त्यांना तीव्र ताण येतो, असे कारण त्यात दिले होते. डॉल्फिनची बुद्धिमत्ता पाहता त्यांना माणसाहून वेगळी अशी ‘व्यक्ती’ मानले पाहिजे आणि करमणुकीसाठी कोंडणे नैतिकदृष्ट्या अयोग्य आहे, अशी भूमिकाही त्यात होती.

या परिपत्रकामुळे चित्रच बदलले. जगभरच्या सागरी पार्कचा सर्वांत मोठा गर्दी खेचणारा कार्यक्रम भारतात करताच येणार नाही, हे स्पष्ट झाले. गंगेतला डॉल्फिन तर त्याआधीच राष्ट्रीय जलचर ठरला होता.

तोंडवळी-वायंगणीच्या ‘सी वर्ल्ड’चे काय झाले?

मालवण तालुक्यातल्या या दोन गावांच्या परिसरात सुमारे १,३९० एकरांवर प्रकल्प आखला गेला. तुलनेसाठी, सॅन दिएगोचा पहिला पार्क २२ एकरांचा होता. पर्यटन वाढेल, स्थानिकांना कामे मिळतील, मुंबईला जाणारा तरुण गावात थांबेल, असा समर्थकांचा मुद्दा होता. सिंधुदुर्गात मोठे उद्योग नाहीत आणि घरटी एक-दोन माणसे मुंबईत, हे वास्तव असल्याने हा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता.

विरोध करणाऱ्या ग्रामस्थांचा प्रश्न सरळ होता. एवढी जमीन कशाला? त्यात घरे, वाड्या, आंबा-काजूची कलमे, नारळीच्या बागा आणि किनाऱ्याकडे जाणाऱ्या वाटा येतात. जमीन गेली की मिळणारी नोकरी बहुधा दुसऱ्याच्या हाताखालची, ही भीती होती. मच्छीमारांना किनारा हातचा जाण्याची चिंता होती. पुढे जागा कमी करण्याची भाषा झाली, राजकीय पक्षांच्या भूमिका सत्तेनुसार वर-खाली झाल्या, पण भूसंपादनाचा तिढा सुटला नाही.

इथे आणखी एक पदर आहे. मालवणच्या समुद्राचा २९.१२२ चौरस किलोमीटर भाग १३ एप्रिल १९८७ रोजी सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. त्यालाही मच्छीमारांनी विरोध केला होता. म्हणजे सरकार संवर्धनासाठी आले काय किंवा पर्यटनासाठी आले काय, निर्णय आधी आणि विचारणा नंतर, हा किनाऱ्यावरच्या माणसांचा जुना अनुभव आहे. ‘सी वर्ल्ड’ अडण्यामागे मासे-डॉल्फिनपेक्षा हा अविश्वास जास्त होता.

पार्क नसला तरी कोकणात काय आहे?

बरेच काही, आणि तेही टाकीबाहेर. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर प्रवाळ आहेत. विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे १०० किलोमीटरवर समुद्रात बुडालेले ‘आंग्रिया बँक’ हे प्रवाळ पठार आहे. कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ते ओळखले जाते. सिंधुदुर्गच्या किनाऱ्यालगत दिसणारे डॉल्फिन प्रामुख्याने हंपबॅक जातीचे असतात. उथळ पाण्यात, किनाऱ्याजवळच त्यांचा वावर असतो आणि जागतिक पातळीवर ही जात धोक्यात असलेल्यांच्या यादीत आहे.

तारकर्लीत एमटीडीसीची स्कूबा डायव्हिंग प्रशिक्षण संस्था आहे. नवा प्रयोग म्हणजे ‘गुलदार’. १९८५ मध्ये नौदलात दाखल झालेली ही सुमारे ८४ मीटर लांबीची युद्धनौका जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झाली आणि २०२५ मध्ये एमटीडीसीकडे आली. निवती रॉक्सजवळ ती समुद्रतळाशी बसवून पाण्याखालचे संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळ भित्ती तयार करण्याचा हा प्रकल्प आहे. इथे कल्पना उलटी आहे. मासे माणसाकडे आणायचे नाहीत, माणसाने माशांकडे जायचे.

रत्नागिरी जिल्ह्यात वेळास गावाने आणखी वेगळा मार्ग दाखवला. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने २००२ पासून तिथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या अंड्यांचे संरक्षण सुरू केले. पुढे पिल्ले समुद्रात जाताना पाहायला पर्यटक येऊ लागले आणि त्यांची सोय गावातल्या घरांत होऊ लागली. राज्य सरकारनेही २०१८ मध्ये योजना आणली. जाळ्यात कासव, डॉल्फिन किंवा देवमुशी अडकली आणि मच्छीमाराने जाळे कापून तिला सोडले, तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते.

कोल्हापूरहून जाणाऱ्यांनी काय लक्षात ठेवावे?

- मुलांना सागरी जीव जवळून दाखवायचे असतील तर आंबा घाटाने रत्नागिरी गाठता येते. तिथल्या झाडगावच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्रात मत्स्यालय आणि संग्रहालय आहे. देवमाशाचा सांगाडा हे तिथले मोठे आकर्षण.
- डॉल्फिन सफरीसाठी सकाळची वेळ चांगली. वारा कमी असतो, पाणी शांत असते. पावसाळ्यात जलक्रीडा बंद असतात.
- नावाड्याला डॉल्फिनचा पाठलाग करायला सांगू नये. इंजिन हळू ठेवून समांतर जाणे योग्य. चार बोटींनी घेरले की डॉल्फिन खोल जातात आणि पुढच्या फेरीलाही दिसत नाहीत. ‘डॉल्फिन दिसला नाही तर पैसे परत’ अशा अटीमुळेच पाठलाग वाढतो.
- स्नॉर्कलिंग करताना प्रवाळावर पाय ठेवू नये. प्रवाळ दगडासारखे दिसले तरी ते जिवंत असतात. माशांना पाव-बिस्किटे टाकणे टाळावे.
- लाइफ जॅकेट सर्वांनी, पोहता येणाऱ्यांनीही, घालावे. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे असतील तर पुढच्या फेरीची वाट पाहावी.

पुढे काय?

‘सी वर्ल्ड’सारखी योजना पुन्हा पुढे आली, तर तीन प्रश्नांची उत्तरे आधी मिळावी लागतील. जमीन किती आणि कोणाच्या संमतीने? डॉल्फिन शोशिवाय गर्दी आणि खर्चाचे गणित कसे बसणार? आणि मिळणाऱ्या पैशातला वाटा तोंडवळी-वायंगणीच्या घरांत कसा पोहोचणार? ही उत्तरे कागदावर येईपर्यंत तिथल्या डॉल्फिनना पाहण्याची जागा समुद्र हीच आहे. ते तिथे टिकले, तर सफरीवर पोट असलेले नावाडी, न्याहारी-निवास चालवणारी घरे आणि जाळी टाकणारे मच्छीमार हेही टिकतील.